आईचे विनोद

आष्ट्याच्या स्टँडवर माझी चहाची टपरी आहे. तिथं एकदा टीव्हीवरचा एक विनोदी नट आला. आधी माईक घेऊन स्वतःच्या आईवरचे विनोद सांगायचा, त्यावरच पुढं टीव्हीत मोठा झाला. त्या दिवशी डोकं, मिशी भादरलेली होती. गिऱ्हाइकं फोटोसाठी भोवती जमली.

"नव्या मालिकेसाठी टक्कल व्हय?" एकानं विचारलं.

"आई गेली. सकाळी दहावा झाला."

सगळे हसले. तोंडावरनं हात फिरवून तो फोटोला उभा राहिला.

मी म्हणाले, "आरं, हसताय काय? खरंच मेलीया त्याची आई."

तर ते मलाही हसले.

"ऱ्हाऊ द्या, आजी," तो खाली बसत म्हणाला. "मीच सवय लावलीया त्यास्नी."

ते खरंच होतं. मी समजूत घातली नाही. त्याचा गार झालेला चहा तेवढा बदलून दिला.