खात्यावरचा नंबर

शेलार गावच्या समाजमंदिराच्या ओट्यावर पाच टॅब मांडून मेघाली रोज संध्याकाळी तीच बडबड ऐकायची. टॅबमधल्या धड्याचं उत्तर बरोबर आलं की आतली बाई म्हणायची, ‘अभिनंदन! आपण एक पाऊल पुढे आलात!’ आणि पाठोपाठ टाळ्या. पाच टॅब, पाच पोरी, म्हणजे टाळ्यांवर टाळ्या. मेघालीचे कान किटून गेले होते. त्या बाईला एकदा विचारावं असं तिला वाटायचं, तुला गं कसला एवढा उत्साह, दुपारी झोप काढतेस की काय?

मेघाली एका संस्थेत शिकवायला होती. गोडाऊनमध्ये कामाला जाणाऱ्या पोरापोरींना पगाराचं काय करायचं हे अ‍ॅपवरून शिकवायचं, हे तिचं काम. शहरात निजामपुऱ्यातल्या घरातला स्वयंपाक उरकून, टॅबची पिशवी खांद्याला अडकवून ती शेअर रिक्षाने निघायची. नदीनाक्याला कंटेनर अडकले की तिथेच अर्धी संध्याकाळ जायची. शेलारला पोचेपर्यंत खांद्याला रग लागलेली असे. पोरीही बारा-बारा तास उभ्याने खोके भरून आलेल्या. शिकवणारी दमलेली, शिकणाऱ्या दमलेल्या, ताजीतवानी फक्त ती टॅबमधली बाई.

अ‍ॅपमध्ये पगाराची तीन मडकी होती. गरजेचं एक, हौसेचं एक, बचतीचं एक. बोटाने नाणी सरकवून मडक्यांत टाकायची. पोरी पटापट टाकायच्या. पहिल्या आठवड्यात मेघालीने मडक्यांचं महत्त्व जीव तोडून सांगितलं होतं. आता ती नुसती म्हणायची, “टाका गं नाणी, रेंज आहे तोवर.”

या पोरींमध्ये पूर्वा होती. जवळच्या पाड्यावरची, वीस वर्षांची, बोलायला कमी. तिला पॅकिंगमधून सुटायचं होतं. गोडाऊनच्याच ऑफिसात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी चढवायला मुली घेत होते, पण त्याआधी शहरात जाऊन टायपिंगचा आणि एक्सेलचा क्लास करायला हवा होता. क्लासची फी तिला स्वतःच्या पगारातून भरायची होती. त्यासाठीच ती ओट्यावर येऊन बसायची, अ‍ॅपच्या सर्टिफिकेटचं तिला काही पडलं नव्हतं.

मडकी संपली आणि शेवटचा धडा आला, ‘माझे खाते, माझी नजर’. आपल्या फोनवर आपल्या खात्यातली शिल्लक बघायची, एवढंच त्यात होतं. पूर्वाने बँकेचं अ‍ॅप उघडलं, खातेक्रमांक टाकला. ‘आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.’ पोरगी फोनकडे बघत बसली. काहीच आलं नाही.

“माझे नंबरवर न्हाय येत,” ती शेवटी म्हणाली. “किशनचे फोनवर जात असंल. शाळंत खातं उघडला तवा माझेकडं फोन कुठं व्हता?”

मेघालीने बाकीच्या चौघींना विचारलं. एकीचा ओटीपी बापाकडे जात होता, दोघींचा भावाकडे, आणि एकीचा अशा काकाकडे, ज्याच्याशी तिच्या घरचं बोलणंच बंद होतं. स्कॉलरशिपसाठी शाळेने एका फटक्यात खाती उघडली, घरात जो फोन होता त्याचा नंबर लावला, आणि तोच राहिला. या पोरी कमावत होत्या आणि पगार झाल्याची घंटी दुसऱ्याच्या खिशात वाजत होती. टॅबमधल्या बाईला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मेघाली म्हणाली, “बँकेत जाऊन नंबर बदलायचा. आधारकार्ड आणि पासबुक घेऊन जायचं. खातं तुमचं आहे, कोणाला विचारायची गरज नाही.”

म्हणायला ती म्हणून गेली, पण आत काहीतरी टोचलं. कारण तिच्या खात्यावरही कुमारचा, म्हणजे नवऱ्याचा, नंबर होता. लग्नानंतर खातं उघडलं तेव्हा सासरी एकच फोन होता. पुढे तिचा फोन आला, नंबर मात्र तोच राहिला. ओटीपी लागला की ती कुमारला फोन लावायची. तो टेम्पो बाजूला घेऊन आकडे वाचून दाखवायचा. कधी उचलायचा नाही, मग ती थांबायची. कुमार वाईट माणूस नव्हता. मागितले की द्यायचा. स्वतःचेच पैसे मागून घ्यायचं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे, हे तिला अ‍ॅपकडून शिकावं लागलं. नंबर बदलते म्हटलं की तो काय म्हणेल, हे तिला ठाऊक होतं. त्या एका प्रश्नाला तोंड द्यायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तो प्रश्न ओट्यावर चालून आला. विचारायला आला किशन, पूर्वाचा थोरला भाऊ. आवाज चढवला नाही, बाइक लावून शांतपणे समोर उभा राहिला.

“ताई, नंबर बदलाचा काय मधीच? आमचेवर विश्वास न्हाय का? आयचं औषध मीच आनतो ना त्या पैशातून?”

“विश्वासाचं नाही रे,” मेघाली म्हणाली. “तिला तिची शिल्लक दिसायला पाहिजे, एवढंच.”

“मंग तुझे खात्यावर कोनाचा नंबर हाय? सांग.”

पाचही पोरींनी टॅबवरून माना वर केल्या. पूर्वाने तर बोट टॅबच्या काचेवर तसंच ठेवलं होतं.

“माझा,” मेघाली म्हणाली. “माझाच आहे.”

“बगा मंग तुमी,” म्हणत किशनने बाइक वळवली आणि गेला. पूर्वाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते बघून मेघालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या पोरीने आपल्या थापेवर भार टाकला, हे तिला कळत होतं. त्या दिवशी वाजलेल्या टाळ्या तिला ऐकवेनात.

शनिवारी पूर्वाने सुट्टी टाकली आणि मेघालीला सोबत घेऊन ती बँकेत गेली. एका खिडकीवरून दुसरीकडे, तिथून परत पहिलीकडे, असं झालं. मधेच साहेब जेवायला गेले. पण नंबर बदलला. पासबुकही छापून मिळालं. पूर्वाला वाटलं होतं त्याहून पैसे कमी होते, पण क्लासच्या फीपुरते होते. किशनने औषधाला खरंच काढले होते, आणि बाइकच्या हप्त्यालाही. पूर्वा त्या ओळींवरून बोट फिरवत राहिली.

कारकुनाने मेघालीला विचारलं, “तुमचं काही आहे का मॅडम?”

“नाही,” ती म्हणाली. “माझं काही नाही.”

परतीच्या रिक्षात पूर्वाचा फोन वाजला. नवीन नंबर लागल्याचा बँकेचा मेसेज होता. तिने तो दोनदा वाचला आणि फोन मेघालीपुढे धरला. मेघाली हसली. तेवढ्यात तिचाही फोन वाजला. कुमारचा होता. टेम्पोच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तो नेहमीसारखा ओरडूनच बोलला, आणि त्याचं बोलणं शेजारी स्पष्ट ऐकू गेलं.

“अगं, तुझा पगार झाला. मेसेज आलाय मला. संध्याकाळी काढून आणू का?”

“आणा,” मेघाली म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला.

मग ती रस्त्याकडे बघत राहिली. पूर्वाकडे बघायची तिला लाज वाटत होती. नदीनाक्याला रिक्षा अडकली, पुढे कंटेनर आडवा लागला होता. मेघालीची आता बोलणी खायचीही तयारी होती. पोरीने काहीही म्हणावं, फक्त गप्प बसू नये.

पूर्वाने पासबुक ओढणीत गुंडाळून मांडीवर ठेवलं.

“ताई,” ती म्हणाली, “पुढचे आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट हाय. सोमवारी सकाली मी येतंय तुझेसंगं बँकेत. कनचे खिडकीवर जायाचा, ते मला आता माहीत हाय.”