समुद्रावरचे सारस

आमच्या गावात समुद्र आहे. कामठ्याकडून येताना तो दिसत नाही, कारण वर्षभर तो बांबूला गुंडाळून समाजमंदिरात ठेवलेला असतो. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली आणि नाटक ठरलं की त्याला बाहेर काढतात. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा माझ्या बाबांनी तो मांजरपाटावर काढला, डिंकात कालवलेल्या रंगांनी.

बाबांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी तलाव पाहिला होता. तोच त्यांनी लांबवर ओढला, लाटा घातल्या आणि काठाशी सारसांची जोडी उभी केली. पाणी आणि धान असलं की सारस असायचेच, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्या पडद्यापुढे इतक्या वर्षांत जहाजं बुडाली, राजपुत्र परत आले, आणि मागे सारस आपले निवांत उभे. कुणी हरकत घेतली नाही. बाबांचे महाल आणि जंगलाचे पडदे कधीच विरून गेले. उरला तो हा एकच.

मागच्या वर्षी नाटक मंडळाचा नवा अध्यक्ष घरी आला. मुंबईत नोकरी करून परतलेला पोरगा. चहा पिता पिता म्हणाला, "काका, समुद्रावर सारस नसते ना. बाहेरचे कलाकार हासून राहिले. तेवढे मिटवून टाका, नाही तं फ्लेक्सच छापून घेऊ."

बोलला गोड, म्हणूनच माझं डोकं फिरलं. "इतके वर्स तुले दिसले नाही का रे?" मी विचारलं. बाबांनी मला हातानेच गप्प केलं. आई गेल्यापासून ते कमीच बोलायचे. त्या दिवसापासून जेवतानाही बोलेनात. त्यांच्या हातचं शेवटचं काम जाणार होतं, आणि ते भांडतही नव्हते. मला ते बघवेना.

मग त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना समुद्रच दाखवायचा ठरवलं. कोकणातल्या एका लहानशा बंदराच्या गावी आम्ही गेलो. बाबा वाळूत उभे राहून बराच वेळ डावीउजवीकडे पाहत होते. काय शोधत होते ते मला ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "नाहीच."

परतताना आम्ही एका जुन्या देवळात शिरलो. तिथल्या भिंती रंगवलेल्या होत्या, आणि देवीच्या पायाशी होता एक वाघ. त्याचं तोंड मांजराचं आणि पट्टे कुणी फणीने ओढल्यासारखे. नवेगावच्या जंगलात तेंदूपत्ता तोडताना खरा वाघ पाहिलेले माझे बाबा त्याच्यासमोर उभे राहून हसायला लागले. किती महिन्यांनी हसले. "यानं वाघ पायलाच नाही, बाई."

"पन कोनी मिटवला नाही ना," मी संधी साधली. "तुमचेही सारस राहू द्या."

"हा देवीचा वाघ होय. माझा पडदा लोकायसाठी आहे. चूक ते चूक."

मी कपाळावर हात मारला. एवढा खर्च करून मी त्यांना त्यांची चूक दाखवायला आणलं होतं!

घरी आल्यावर त्यांनी पडदा मागवून अंगणात ताणला आणि निळा कालवला. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा एक सारस निळ्याखाली गेला होता. बाबा दुसऱ्यासमोर बसले होते. कुंचला वाळून कडक झाला होता.

"काऊन थांबले?"

"हा एकटा पडला."

"मंग त्यालेही मिटवा."

"होत नाही माझ्यानं." ते त्या पक्ष्याकडेच पाहत होते. "तुयी माय गेली, तं मी राहिलोच ना. मले मालूम आहे कसं लागते ते."

आई गेल्यावर तिच्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. चहाचा कप तिथेच ठेवून मी आत गेले आणि राखी रंगाची पुडी आणि तांबड्याची डबी त्यांच्यापुढे आणून ठेवली.

मंडईला समुद्र वर चढला. अध्यक्ष खाली उभा राहून पाहत राहिला. मग त्याने स्वतः दोरीची गाठ पक्की केली. फ्लेक्सचं नाव पुन्हा निघालं नाही.

काठाशी दोन्ही सारस आहेत. नव्या सारसाच्या डोक्यावरचा तांबडा जरा पसरला आहे. आईचं कुंकूही असंच पसरलेलं असायचं.