होडीतली पुढची जागा

फ्लाय फिशिंगला मराठीत काय म्हणतात ते मला अजूनही माहीत नाही. माझ्या मोठ्या नणंदेने, वन्संनी, त्यांच्यापुरता हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. चँडलरच्या घरून रविवारी त्यांचा फोन यायचा आणि माझा नवरा घरी नसला की त्या विचारायच्या, "धाकटा कुठेय? माश्या मारायला गेला का?" पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर टाकायची, ट्राउट मासा फसला तर त्याला हलक्या हाताने सोडवून परत नदीत सोडायचं, यात अख्खा दिवस घालवणाऱ्या भावासाठी त्यांच्याकडे याहून चांगला शब्द नव्हता. त्यालाही तो आवडायचा. ऑफिसात रजा मागताना तो हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत सांगायचा, आणि कुणालाच हसू यायचं नाही.

रिटायर व्हायच्या थोडं आधी त्याने ड्रिफ्ट बोट घेतली. सपाट तळाची, दोन्ही टोकं वर वळलेली, बिनइंजिनाची होडी. प्रवाहाबरोबर खाली जायचं; आल्या वाटेने परत येता येत नाही. मध्ये वल्ही मारणारा बसतो, पुढे मासे पकडणारा. पहिल्या उन्हाळ्यात वल्ही त्याने घेतली. त्याचं लक्ष नदीपेक्षा माशांकडे, त्यामुळे आम्ही एकेका दगडाची ओळख करून घेत खाली पोचलो. मग वल्ही माझ्याकडे आली. जन्मभर लायब्ररीत पुस्तकं लावलेल्या बाईला हे जमेल असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण जमलं, आणि आवडलं. या होडीत वल्हवायचं ते पुढे जायला नाही, वेग कमी करायला. तोंड प्रवाहाच्या दिशेला आणि जोर उलटा. समोर दगड आला तर होडीचं टोक त्याच्याचकडे वळवायचं आणि मागे ओढत ओढत बाजूला व्हायचं. त्याच्याकडे पाठ केली की आदळलोच.

आम्ही एक मोठी ट्रिप ठरवत होतो. आमच्या बेलव्ह्यूहून निघून आधी याकिमा नदी, मग मोंटानात मिसूरी आणि मॅडिसन, येताना आयडाहोतली स्नेक नदी. डोंगरातला बर्फ वितळून नद्यांचं गढूळ पाणी ओसरलं की जुलैत निघायचं. मागच्या ऑक्टोबरात तो अचानक गेला.

त्या हिवाळ्यात हातात घेतलेलं एकही पुस्तक माझ्याकडून पुढे सरकलं नाही. फेब्रुवारीत एका दुपारी मी डायनिंग टेबलवर नकाशे पसरले, आणि लक्षात आलं की हे मात्र वाचता येतंय. होडी पाण्यात कुठे घालायची, बाहेर कुठे काढायची, मधल्या वेळात आपली गाडी खाली आणून ठेवणारं माणूस कुठल्या गावात मिळतं, ट्रेलरसकट गाडी उभी करू देणारं मोटेल कोणतं. संध्याकाळ होईपर्यंत मी मोंटानाच्या हद्दीत पोचले होते.

वन्संना सांगितलं. त्या भूलतज्ज्ञ होत्या, आता रिटायर झाल्यात. बोलणं मात्र अजून रुग्णाला जागं ठेवणारं.

"जुलैत? वर्षाच्या आत? अगं, वर्षश्राद्ध तरी होऊ दे."

"ऑक्टोबरात पाणी उतरलेलं असतं, वन्सं. आणि थंडी."

"मग पुढच्या वर्षी जा. नाहीतर सरळ कॅन्सल कर. होडी वीक, गराज मोकळं होईल. एकटी बाई रानावनात होडी घेऊन फिरणार! हे काय वय आहे?"

 खरी अडचण मलाही माहीत नव्हती, ती मार्चमध्ये कळली. सॅमामिश तळ्यावर मी एकटीच होडी घेऊन गेले. पुढे कुणी नसल्यामुळे होडीचं टोक हवेत उचललेलं राहिलं. वाऱ्याची साधी झुळूक आली की ते टोक फिरायचं आणि मला किनारा दिसायचा तिथे तळ्याचा मध्य दिसायला लागायचा. तळ्यात ही गत, तर मिसूरीच्या वाऱ्यात काय होईल? मोटेलं, गाडी, रस्ते, सगळं एकटीने ठरवता येत होतं. पुढच्या जागेवरचं वजन एकटीने आणता येत नव्हतं.

वाळूच्या गोण्या ठेवतात असं वाचलं होतं. माझ्या घरात गोणी म्हटलं की तांदळाची. इंडियन ग्रोसरीतून बासमतीच्या मोठ्या पिशव्या आणल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या आणि पुढे रचल्या. टोक खाली बसलं. मी खूश होऊन एक जोराचं वळण घेतलं, तशा पिशव्या सगळ्या एका अंगाला घसरल्या आणि होडीत पाणी आलं.

वन्सं तेव्हा रोज फोन करून मी काय जेवले ते विचारत.

"भात," मी म्हणाले.

"काल पण भात. परवा पण भात. शुगर चेक केलीस का? भाजी का करत नाहीस?"

"तांदूळ भिजलाय थोडा. संपवायला हवा."

"भिजला कसा?"

सांगावं लागलं. 

"माझ्या भावाच्या जागेवर तू तांदूळ बसवलास?"

"वन्सं, वजन हवं होतं हो."

"किती वजन?"

"एका माणसाएवढं."

 मग त्या म्हणाल्या, "मी एका माणसापेक्षा थोडी जास्तच आहे. पोहता मात्र येत नाही."

मेमध्ये त्या आल्या. यायच्या आधी चारदा बजावलं होतं, मी फक्त एक दिवस बसून बघणार, ट्रिपचं मला काही विचारू नकोस. आम्ही याकिमाच्या कॅन्यनमध्ये होडी पाण्यात घातली. लाइफ जॅकेटमध्ये त्या पुढच्या खुर्चीवर बसल्या आणि टोक अलगद खाली आलं. वल्ही हातात घेतल्याघेतल्या मला ते जाणवलं. होडी ऐकत होती.

"हा इथे दिवसभर काय करायचा?" दोन्ही हातांनी कड घट्ट धरून त्यांनी विचारलं.

"पाण्याकडे बघायचा. मधूनच मला सांगायचा, जरा हळू, जरा डावीकडे."

"आणि तू ऐकायचीस?"

"होडीत ऐकायचे."

त्या हसल्या, आणि तेवढ्यात ओरडल्या, "अगं, दगड! तू सरळ दगडावर घालतेयस!"

"माहितीये. त्याच्याकडेच बघत राहा."

मी टोक दगडाकडे धरलं आणि मागे ओढायला लागले. दगड जवळ आला, त्याच्याभोवतीचा फेस दिसला, आणि मग तो आमच्या उजव्या बाजूने निघून गेला. वन्संनी मान वळवून तो लांब जाईपर्यंत पाहिला.  पाठ माझ्याकडे होती, म्हणून डोळे पुसतायत की चष्मा, ते कळलं नाही. मीही वल्ही धरून माझं काम करत राहिले.

पुढे नदी रुंद झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढचा दगड मी सांगते. तू सांगू नकोस."

आणि त्यांनी सांगितला. आधीच, आणि नेमका.

ट्रेलर मागे जोडून आम्ही घाट चढायला लागलो तोवर उन्हं तिरपी झाली होती. वन्संनी फोनवर नकाशा उघडला. मिसूरीवर इतके दिवस कशाला, तिथे वारा असतो म्हणालीस ना? हे मोटेल नको, याला लिफ्ट नाही. वाटेत गरम पाण्याचे झरे आहेत, माझ्या गुडघ्यांसाठी एक दिवस ठेव. मी म्हटलं, तो रस्ता अरुंद आहे, ट्रेलर जाणार नाही. त्या म्हणाल्या, मग होडी खाली गावात ठेवू, कोण पळवतंय. आणि वर्षश्राद्धाला आपण दोघी परत आलेल्या असू, नाही का.

मी म्हटलं, असू.

घरी पोचेपर्यंत मोंटानातले दोन मुक्काम बदलले होते.