मिस्त्रींचा उजवा हात

गिझरवाला नवरा केला की पोरीला गरम पाण्याची ददात नाही, असं माझ्या आईला वाटलं होतं. तिचं काय जातंय! आमच्या घरच्या गिझरचा सगळा लहरी कारभार. सोमवारी पाणी कढत, मंगळवारी कोमट, बुधवारी अंगाला साबण लावून उभी राहिले की बर्फ. मी बाथरूममधून ओरडायचे, "अहो मिस्त्री, दाखवू का तुमच्या गिऱ्हाइकांना ही घरची शोभा?" बाहेरून शांत आवाज यायचा, "उद्या बघतो." सत्तावीस वर्षांत तो उद्या काही उजाडला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दुसऱ्याच्या घरी मात्र माणूस वेगळाच. टाकी खोलायची, कॉइलवर बसलेला क्षाराचा पांढरा थर खरवडायचा, सगळं पुन्हा जोडायचं, आणि शेवटी नळाखाली उजवा हात धरून डोळे मिटायचे. हात सांगेल तेवढाच थर्मोस्टॅट फिरवायचा. मुलीने पहिल्या पगारातून पाण्याचा थर्मामीटर आणून दिला, तर म्हणाले, "पाणी किती तापलंय ते हा सांगेल. म्हाताऱ्या माणसाला किती सोसेल, ते सांगेल का?" थर्मामीटर खोक्यातच राहिला. गिऱ्हाइकंही म्हणायची, मिस्त्रींचा हात लागला की वर्षभर बघायला नको. ऐकून मला बरं वाटायचं. तोंडावर कधी म्हटलं नाही, ते सोडा.

साखर त्यांना दहा वर्षांपासून. आधी तळपाय बधिर झाले. चालताना चप्पल निसटली तरी पत्ता नसायचा. मागे पडलेली चप्पल मीच उचलून आणायचे आणि वर चार शब्द ऐकवायचे. मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहा उतू चालला, तशी ह्यांनी पातेलं उचललं. सांडशी नाही, फडकं नाही, सरळ बोटांनी. सावकाश ओट्यावर ठेवलं आणि पेपर वाचत बसले. बोटं लालबुंद झाली होती.

एरवी पलंगावर ओला टॉवेल दिसला तरी मी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी मूग गिळून बसले. बोलणार तरी कशी? त्या हाताशिवाय त्या माणसाजवळ होतं काय? मी तोंड उघडलं असतं तर त्याच दिवशी हत्यारांची पिशवी खुंटीला लागली असती, आणि हा माणूस खुर्चीत बसून खंगला असता. रोज सकाळी ते पिशवी खांद्याला लावायचे आणि मी दारात उभी राहून "डबा घेतलात ना?" एवढंच विचारायचे. असे तीन महिने काढले.

कोपऱ्यावरच्या इमारतीत शाळेच्या बाई राहतात. निवृत्त, एकट्याच. आमच्या मुलीला पाढे त्यांनीच शिकवले. त्यांच्याकडे पाणी तापेना, म्हणून मिस्त्रींना बोलावलं. ह्यांनी कॉइल बदलली, नळाखाली हात धरला आणि म्हणाले, "अजून कोमटच आहे, बाई." थर्मोस्टॅट वर केला. पुन्हा हात धरला, पुन्हा वर केला. दुसऱ्या दिवशी बाईंनी नळ सोडला, तो थेट पायांवर.

दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजले. नऊ दिवस त्या दवाखान्यात होत्या. आम्ही भेटायला गेलो, तर म्हणतात कशा, "मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका. मीच आधी गार पाणी सोडायला हवं होतं." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो! ह्यांची मान वर होईना.

घरी आले ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मला राहवेना. रडतच म्हटलं, "मला माहीत होतं. तुम्ही ते गरम पातेलं उचललंत ना, त्या दिवसापासून माहीत होतं. मी मेली बोलले नाही."

ते बराच वेळ उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत राहिले.

"तू बघत होतीस, ते दिसलं होतं मला," ते म्हणाले. "बोटांचं मलाही कळलं होतं गं. पण तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, खरंच काही वाईट असतं, तर ही गप्प बसली असती का?"