गॅरेजातलं सोनं धुवायचं यंत्र

सकाळपासून वाळूच्या बादल्या उचलून माझी कंबर गेली आणि घरात कोणाला त्याचं काही नाही. नमस्कार मंडळी.

नोकरी गेल्यापासून माझा मुलगा सुहास इथे अमेरिकेत, सनीव्हेलच्या घरी गॅरेजात वाळूतून सोनं धुवायचं यंत्र सुधारत बसलाय. हायबँकर म्हणतात त्याला. पंपाने पाणी चढतं, वाळू उतरत्या पन्हळीतून वाहून जाते, जड सोनं तळाच्या पट्ट्यांना अडकतं. अडकायला हवं. आज त्याने परीक्षा म्हणून शिशाचे दहा छर्रे वाळूत टाकले. आठ वाहून गेले.

"आई, मोठा पंप बसवतो."

"अरे शहाण्या, आधीच पाणी धो धो सोडलंयस. तांदूळ रोळताना पाणी हळू ओततात, म्हणून खडे तळाला राहतात. उतार कमी कर."

"हे तांदूळ नाहीत गं."

तासभर भांडून शेवटी त्याने पन्हळ खाली घेतली. दहाच्या दहा राहिले. महिन्याभरात पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "आता पन्हळ लांब करतो."

व्हिसाचे वीस दिवस उरलेत, तोवर नवी नोकरी मिळाली नाही तर देश सोडावा लागेल, आणि याने नोकरीसाठी एकही अर्ज केलेला नाही. सून माझ्याकडे बघते, जणू पंप मीच आणलाय.

उद्या पंप लपवू, की अजून चार दिवस त्याला हसू देऊ? मला कळेना, थकलेय मी. नोकरी गेलेला मुलगा ज्यांच्या घरात बसलाय त्या आयांनीच सांगायचं. बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवू नका.