अक्कांनी न मांडलेली पानं

मारुतीवर माझी श्रद्धा होती, पण भरवसा मात्र स्वतःच्याच धावपळीवर. नव्वदच्या आसपासची गोष्ट. फैजपूरजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळावर कळस चढायचा होता आणि त्यावर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकायची टूम अर्थातच माझी. भंडाऱ्याची पंगत देवळामागे, अक्कांच्या शेतात. तिथली केळी नुकतीच काढून शेत मोकळं झालं होतं. अक्का म्हणजे गावातल्या साऱ्या भंडाऱ्यांच्या चुलींवरचं सरकार. निघताना मी म्हटलं, "अक्का, मला उशीर झाला तर पंगत बसवून टाका."

"देवाच्या डोक्यावर फूल पडल्याबिगर मी एक पान मांडू देनार नाही," त्या वरणाखालचा जाळ सारत म्हणाल्या. "एवढी घाई हाये तुले, तं बैलगाडीनं आन फुलं."

मी चिडलो. बसणाऱ्यांना बसवून घ्या, असं चार जणांना परस्पर सांगून जळगावला पळालो.

धावपट्टीवर पायलट त्या यंत्राभोवती नाखूश होऊन फिरत होता. म्हणाला, "तपासणीची मुदत उलटलीय. मालक म्हणतो, एवढा कार्यक्रम उरकून ये." शहाणा माणूस तिथूनच एसटी पकडून परतला असता. मी म्हणालो, "साहेब, मारुतीचं काम आहे. तो सांभाळेल." खरं तर मला आभाळात बघून कोण कोण जळेल, याचाच हिशोब मनात चालला होता. त्यालाही नोकरी टिकवायची होती. खुडबुड करून तो निघाला तोवर जेवणाची वेळ टळली होती.

देऊळ दिसू लागलं. मांडीवर झेंडूच्या पाकळ्यांची टोपली. आणि विहिरीचं पाणी तुटल्यावर मोटार करते तसा आवाज करत इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

"इंजिन गेलं. पंखा आता नुसत्या वाऱ्यावर फिरतोय," पायलट म्हणाला. "बोलू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाचं तरी ऐकलं. खाली जिकडेतिकडे उभी केळी, वर विजेच्या तारा, आणि मधोमध मोकळा असा एकच मातकट चौकोन. अक्कांचं शेत. तिथे आता अख्खं गाव जेवायला बसलं असेल आणि बसवा म्हणून मीच सांगून आलो होतो! एकही स्तोत्र आठवेना. मनातल्या मनात एवढंच निघालं, "मारुतीराया, माझं नको, अक्कांचं चालू दे."

शेत रिकामं होतं. एक पान नाही, एक माणूस नाही. सारे देवळापुढे माना वर करून उभे. आम्ही दणकन आदळलो, खालची एक दांडी वाकली, पण दोघेही धडधाकट. इंधनाची गाळणी घाणीने तुंबली होती, कित्येक दिवसांत कुणी बदललीच नव्हती, हे मागाहून कळलं.

बांधापलीकडच्या चुलीवरून अक्का हातात झारा घेऊनच आल्या. मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "पडली का फुलं?"

"नाही, अक्का."

"मंग जाय, टाकून ये. लोकं भुकेले हायेत."

मी देवळाला लावलेली शिडी चढलो आणि टोपली कळसावर रिती केली. मग त्याच शेतात, वाकड्या हेलिकॉप्टरच्या शेजारी, वरण-बट्टीची पंगत बसली. सवयीने मी वाढायला उठलो. अक्कांनी खांदा दाबला. "आता बस."

याला चमत्कार म्हणावं, असा माझा आग्रह नाही. पायलटच्या हातात कसब होतं आणि अक्कांच्या अंगात हट्ट. पण तो पंखा फिरवणारा वारा कुणाचा बाप, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. मी हात जोडतो. अजूनही प्रत्येक भंडाऱ्यात पाय वळवळतात, उठून सगळ्यांना सूचना द्याव्याशा वाटतात. मग खांद्यावर तो हात जाणवतो, आणि मी पानावर बसून राहतो.