डार्करूममधून बाहेर येताना

आता म्हणे एक्स-रे लगेच पडद्यावर दिसतो. ताईंच्या काळी फिल्म डार्करूममध्ये धुवावी लागे, आणि ती धुऊन होईपर्यंत पेशंट बाहेर बाकावर ताटकळत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी फिल्म धुण्याच्या औषधाच्या आंबट वासाची आठवण आली की ताईंचा जीव गलबलतो.

इस्पितळात सगळे त्यांना फोटोवाल्या ताई म्हणत. छातीचा फोटो म्हटला की माणसं भेदरून अर्धाच श्वास घेतात. ताई आधी दोन शब्दांत त्यांना हसवत आणि मग म्हणत, "आता भरपूर श्वास घ्या आणि धरा. सासूबाई दारात आल्यात असं समजा." खटका दाबला की, "सोडा. गेल्या त्या."

मोठे डॉक्टर कुरकुरत, "ताई, हे इस्पितळ आहे."

"म्हणून तर बोलते, साहेब. घरी मी गप्पच असते."

फिल्ममध्ये काय दिसलं ते डॉक्टरांनीच सांगायचं, हा नियम. तो आपण कधी मोडला नाही, असं ताईंना प्रामाणिकपणे वाटे. पण फिल्म स्वच्छ असली की त्या बाहेर येऊन म्हणत, "झकास आलाय फोटो, लग्न जमवायला चालेल." डाग दिसला की नुसतं, "वर डॉक्टरांकडे जा." बाकावरच्यांनी हे केव्हाच ताडलं होतं. ताईंना मात्र गंधही नव्हता.

बाकं दुरुस्त करायला सुतारकाका तीन दिवस तिथे ठोकाठोक करत होते. मोठे गोड गृहस्थ. रोज डब्यातला घास ताईंना आग्रहाने देत. त्यांचा खोकला काही थांबेना, म्हणून ताईंनीच डॉक्टरांची चिठ्ठी आणवली आणि फोटो काढला. लाल दिव्याखाली ओली फिल्म धरली, तर उजवीकडे वर भलामोठा डाग. ताई बाहेर आल्या, तर काका त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. त्यांना धीर द्यावा म्हणून ताई बोलून गेल्या, "झकास आलाय. लग्न जमवायला चालेल."

काकांनी सुटकेचा श्वास टाकला, हत्यारांची पिशवी उचलली आणि थेट घरची वाट धरली. डॉक्टरांचा जिना ते चढलेच नाहीत.

पाच मिनिटांनी हे ध्यानात आल्यावर ताई चप्पल न घालता फाटकापर्यंत धावल्या.

"काका, डॉक्टरांना भेटल्याशिवाय जाऊ नका."

"पण तुम्ही तर गंमत केलीत. तीन दिवस बघतोय मी. तुम्ही गंमत केली की माणूस सुटला."

"चुकलं माझं," ताई म्हणाल्या. "चला, मी येते वर."

क्षय निघाला. काकांनी एक गोळी न चुकवता पुरे वर्षभर औषध घेतलं. ताईंनी त्या दिवसापासून फोटोआधी हवं तितकं हसवलं, पण नंतर, फिल्म कशीही असो, "वर डॉक्टरांकडे जा" यापलीकडे अवाक्षर काढलं नाही. लोक म्हणाले, वयाने बाई खडूस झाली. ताईंना ते लागलं, तरी त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही.

वर्षाने काका पुन्हा फोटोला आले. लाल दिव्याखाली ताईंनी फिल्म धरली. डाग पार गेला होता. ताई अंधारात एकट्याच हसल्या, रडल्याही. मग पदराने तोंड पुसलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, वर डॉक्टरांकडे जा."